पद्मासनाचं बारसं

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या शिक्षण मंडळाने 1993 साली सरकारी शाळांत योगाला बंदी घातली. ती उठायला 2021 उजाडलं. आणि उठली तीही कशी, तर जावयाला घरात घेतलं, पण चपलेबरोबर नावही उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला सांगितलं! आसनांना फक्त इंग्रजी नावं. मंत्र नाहीत, मुद्रा नाहीत, पालकांची सही हवीच. आणि ‘नमस्ते’ म्हणायला कायद्याने साफ मनाई. ज्या नमस्काराने आपण वर्गणीवाल्यांना दारातून कटवतो, त्यात एवढा धर्म भरलेला असेल याची आपल्याला कल्पनाच नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या एन्सिनीटसच्या शाळांना हे शहाणपण आधीच सुचलं होतं. म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांचं नाव लावणाऱ्या एका प्रतिष्ठानाने तिथे पाच लाखांहून जास्त डॉलर देऊन योगवर्ग सुरू करून दिले. हा तर हिंदू धर्माचा चोरटा प्रवेश, म्हणत काही पालक कोर्टात गेले. शाळेने संस्कृत नावं काढली आणि पद्मासनाचं नवं नाव ठेवलं ‘क्रिस-क्रॉस ॲपलसॉस’. मांडी तीच, घोटे तेच, वर सफरचंदाचा गर. 2015 मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की आता हा व्यायाम आहे. पतंजलींना एवढं साधं सुचू नये?

अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सांगते, सरकारने धर्म प्रस्थापित करायचा नाही. या आधारावर 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या सरकारने रचलेली प्रार्थना शाळेबाहेर काढली. अवघी 22 शब्दांची प्रार्थना, कुठल्याच पंथाचं नाव नसलेली. तरीही नाही म्हणजे नाही. तेव्हापासून धर्माला शाळेत शिरायचं असलं की आधी बारसं उरकून घ्यावं लागतं.

या बारशांतलं माझं लाडकं बारसं पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावचं. उत्क्रांती शिकवण्यापूर्वी मुलांना ‘बुद्धिमान रचना’ नावाच्या पर्यायाची माहिती द्यावी, आणि त्यासाठी एक पुस्तक सुचवावं, असं तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं. देवाचं नाव नाही बरं, फक्त कुणीतरी हुशार रचनाकार! पालक कोर्टात गेले. खटल्यात त्या पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे बाहेर आले. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सृष्टिनिर्मितीवाद शिकवणं घटनाबाह्य ठरवलं होतं, आणि त्याच सुमारास खर्ड्यांत ‘निर्मितीवादी’ हा शब्द पुसून जागोजागी ‘रचनेचे पुरस्कर्ते’ असं चिकटवलं गेलं होतं. घाईत एका ठिकाणी जुना शब्द पुरता पुसलाच गेला नाही. त्याचं डोकं अलीकडे, शेपूट पलीकडे आणि मध्ये नवं नाव, असा एक जोडशब्द तयार झाला. उत्क्रांतीतला मधला दुवा दाखवा, असं आव्हान ही मंडळी वर्षानुवर्षं देत होती. तो त्यांच्याच पुस्तकात निघाला. न्यायाधीश जॉन जोन्स, नेमलेले धाकट्या बुशसाहेबांनी. डिसेंबर 2005 मध्ये त्यांनी हा विज्ञानाचा नव्हे, धर्माचा मामला असल्याचं लिहून टाकलं. त्याआधीच गावकऱ्यांनी मंडळातल्या त्या सदस्यांना निवडणुकीत घरी बसवलं होतं.

आता बायबलातल्या दहा आज्ञांकडे वळू. केंटकी राज्याने वर्गावर्गांत 16 बाय 20 इंचांचे तक्ते लावायचा कायदा केला, आणि खाली बारीक अक्षरात खुलासा छापला की या आज्ञा पाश्चात्त्य संस्कृतीच्या कायद्याचा पाया आहेत. म्हणजे वरून सिनाय पर्वत, खालून नागरिकशास्त्र. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. 2025 मध्ये टेक्सासने कायदा केला, तक्ता किमान 16 बाय 20 इंचांचा. माप तेच, बदललंय कोर्ट. मैदानाच्या मधोमध गुडघे टेकणाऱ्या, सरकारी शाळेच्या एका फुटबॉल प्रशिक्षकाची प्रार्थना 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगी ठरवली. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती सोटोमायर यांनी त्या खासगीपणाभोवतीच्या गर्दीची छायाचित्रंच छापली. त्याच निकालात कोर्टाने सरकार आणि धर्म यांतलं अंतर मोजायची 1971 ची जुनी फूटपट्टी मोडून ‘इतिहास आणि परंपरा’ ही नवी घेतली. झालं, आज्ञांचं बारसं फुकटात उरकलं. त्यांचं नाव आता इतिहास.

खरी पंचाईत डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी पोरांची. घरी भाद्रपदात आईबाबा गणपती बसवणार, आरतीला टाळ हातात देणार. आणि वर्गात फळ्याशेजारी लिहिलेलं, कोरीव मूर्ती करायची नाही. शेजाऱ्याच्या गुराढोरांचा लोभ धरू नये, हेही त्याच तक्त्यावर. ही आज्ञा पाळणं त्यातल्या त्यात सोपं. शेजाऱ्याकडे गॅरेजमध्ये दोन गाड्या आहेत, गाय नाही.

याच टेक्सासमध्ये 2021 पासून आणखी एक कायदा आहे. ‘आमचा देवावर विश्वास’ हे राष्ट्रीय ब्रीद लिहिलेला तक्ता कुणी दान दिला, तर शाळेने तो लावलाच पाहिजे. 2022 मध्ये डॅलसजवळच्या साउथलेकमध्ये एका रहिवाशाने तेच ब्रीद अरबीत लिहून नेलं. मंडळ म्हणालं, आमच्याकडे तक्ते झालेत, एका इमारतीला एक पुरे. देव तोच, विश्वास तोच, लिपी तेवढी उजवीकडून डावीकडे गेली आणि भिंतच संपली.

टेक्सासच्या दहा आज्ञांच्या तक्त्यांविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत ज्यू, हिंदू, निधर्मी आणि ख्रिस्तीही कुटुंबं आहेत. शाळेतला धर्म बाहेर ठेवा, ही मागणी निधर्म्यांचीच असते हा समज तेवढ्यापुरता खोटा पडला. न्यायाधीश फ्रेड बिएरी यांनी ऑगस्ट 2025 मध्ये 11 शाळा-विभागांना तक्ते लावण्यास अंतरिम मनाई केली. राज्य अर्थातच अपिलात गेलं. 55 पानी निकाल, शेवटी न पटणाऱ्यांसाठी शांतीचा आशीर्वाद, आणि अगदी शेवटचा शब्द: आमेन.

त्यावर अजून कुणी ‘नमस्ते’सारखी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.