अकाली क्लच-घसरण : माळव्यातील निदानपद्धती

इंजिनाने जोर लावायचा आणि चाकांनी तो मनावर घ्यायचा नाही, या अवस्थेला क्लच घसरणे म्हणतात. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमटीत क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडलवरून पाय उचलला की तिघांनी एकजीव होऊन फिरायचे, एवढाच करार. देवासकरांना हे फोड करून सांगावे लागत नाही. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने त्या एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. दोन सत्ता एकत्र चालायच्या तर मधल्याला झिजावे लागते, हे तिथे जुने ज्ञान आहे.

जपून वापरलेला क्लच ८० हजार ते १ लाख किलोमीटर सहसा तक्रार करत नाही. २०-२५ हजारांतच त्याने मान टाकली तर मृत्यू अकाली समजावा आणि चौकशी बसवावी. चौकशीला हा मुलूख सोयीचा आहे. गाड्यांचे गिअर देवासला घडतात, गाड्या धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला तयार होतात, आणि त्या किती वेगाने पळतात हे पाहायला तिथेच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग आहे. क्लच जाळायची सोय मांडवगडावर.

रोग पठारावर लपतो. देवास ते इंदूर सपाट रस्त्याला गाडी गुणी वाटते. धामनोदहून मानपूरचा घाट चढू लागले की इंजिन ओरडते, काटा वर जातो आणि गाडी मात्र आहे तिथेच रेंगाळते. मालक या लक्षणाला ‘गाडी उठत नाही’ म्हणतो, पेट्रोलपंपाला दोष देतो, चाकांत हवा भरून घेतो. पुढे जळका वास येतो. तो समोरच्या ट्रकचा आहे, यावर गाडीतल्या सर्वांचे एकमत होते. ट्रक पुढे निघून जातो, वास राहतो.

खात्री करण्याच्या रीती दोन. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० चा वेग धरून ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तेवढाच राहिला तर शंका फिटली. दुसरी रीत उभ्या गाडीची : हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते निवांत चालू राहिले तर प्लेट घसरते आहे. हा प्रयोग एकदाच करावा. जो भेटेल त्याला करून दाखवल्यास उरलेली प्लेटही प्रात्यक्षिकात संपते.

कारणे स्वस्तापासून महागाकडे तपासावीत. उलट क्रमाने तपासणारे गॅरेज टाळावे. आधी पेडलचा फ्री प्ले. केबल फार ताणलेली असली तर पाय पेडलवर नसूनही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. हे पान्याचे, थोड्या वेळाचे काम आहे. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरातून तेल मागे फिरले नाही तरी हेच घडते. मग गाडीखाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याकडे पाहावे. तिथे तेल ठिबकत असेल तर सील गेले आहे, आणि तेलकट प्लेट कशालाच धरत नाही.

यानंतर उरतो तो चालकाचा डावा पाय. याबाबत मालकाची साक्ष ग्राह्य धरू नये. ‘मी क्लचवर पाय ठेवतच नाही’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात रोज उच्चारले जाते. पुरावा पेडलच्या रबरावर असतो. ब्रेकचे रबर कोरे आणि क्लचचे गुळगुळीत झाले असेल, तर खटला तिथेच निकालात निघतो. श्रावणातल्या रविवारी धारहून मांडवगडाकडे निघालेली रांग दरवाज्यांच्या चढावर अडते, तेव्हा हँडब्रेक नावाची वस्तू कोणालाच आठवत नाही. सगळे हाफ क्लचवर तरंगत भाजलेल्या कणसांचा भाव विचारतात. धारच्या भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रविधान नावाचा सबंध अध्याय असून त्यात लाकडी विमानही आहे. क्लच नाही. विमानाला चढावर रांगेत उभे राहावे लागत नसावे.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही तरच गिअरबॉक्स उतरवावा, आणि जुनी प्लेट डोळ्यांनी पाहावी. अस्तर रिव्हेटांपर्यंत सारखे झिजले असेल तर ती आयुष्य जगून गेली. काळी, चकचकीत प्लेट आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग म्हणजे उष्णता. ती बहुधा पायाची करणी. ओली प्लेट सीलकडे बोट दाखवते. प्लेट जाड आणि कोरडी असूनही घसरत असेल तर प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगचा जोर ओसरला आहे. वॉरंटीच्या कागदात क्लच बहुधा झिजणाऱ्या भागांत मोडतो, त्यामुळे ही शवचिकित्सा मालकाच्याच खर्चाने होते.

नव्या प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलतात, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देणे कोणालाच परवडत नाही. सील गळत असेल तर ते आधी बदलावे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खराब झाला असल्यास तो तपासून दुरुस्त करून घ्यावा. नवे अस्तर नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले काहीशे किलोमीटर, जड ओझे आणि रेंगाळते चढ टाळावेत. मांडवगडला तोवर बसने जावे.