चार मजले वर, मग उजवीकडे

कोलशेत रोडवरचं घर सांगताना ठाणेकर कापूरबावडीपासून वळणं मोजू लागतो. जावास्क्रिप्टच्या फाइलींत हीच सवय '../../../../' अशी उमटते. फाइल हलली की सगळी वळणं चुकली.

टपाल खात्याने १९७२ साली पिन कोड आणला, टाइपस्क्रिप्टने २०१६ साली 'पाथ्स'. '@/' लिहा, पत्ता थेट मुळापासून.

गंमत पुढे आहे. टाइपस्क्रिप्ट हे टोपणनाव ओळखतं, पण जावास्क्रिप्ट तयार करताना बदलत नाही, मग नोड दारातच विचारतो, "हे कोण?" नोडची स्वतःची '#' पद्धत आहे, प्रोजेक्टच्या पॅकेज-फाइलीत 'इम्पोर्ट्स'खाली लिहायची. पण ती बघायला वेळ कुणाला? त्यापेक्षा बंडलर, लिंटर आणि टेस्ट-रनर या तिघांना तोच पत्ता वेगवेगळा लिहून देणं टीमला सोयीचं वाटतं.