भाऊजी पाटावर बसतात

भातशेती बघायला पैसे मोजून परदेशी जायचं, ही कल्पना माझ्या आजीला समजावून सांगायची माझी हिंमत झाली नसती. तिचा जन्म भोरकडच्या खाचरांत गेला. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन, वाकून वाकून आवणी केल्यामुळे खाचर ही तिच्या लेखी बघायची वस्तू नव्हती, सुटायची होती. स्वतः सुटली नाही, पण नातवंडांना तिने सोडवलं. ती नातवंडं आता पुण्यात लिफ्टच्या इमारतीत राहतात आणि पहिला पाऊस पडला की ताम्हिणी घाटात गाडी आडवी लावून खाचरांपुढे फोटो काढतात. बाली ही त्याच्या पुढची पायरी. ताम्हिणीत जे फुकट दिसतं, ते तिथे तिकीट काढून दिसतं.

आमच्या सहलीच्या पत्रकात एक अख्खा दिवस ‘ग्रामीण बालीचे मनोहारी दर्शन’ यासाठी राखून ठेवला होता. तेगलालांगची शेतं, झोपाळा, कॉफीचा मळा, जेवण, जतिलुविहची शेतं, वेळ मिळाल्यास तळ्यातलं देऊळ, आणि खरेदी. सहलींची भाषा कळणाऱ्याला यातलं ‘वेळ मिळाल्यास’ लगेच कळतं. देवळाला वेळ मिळत नाही. खरेदीला मिळतो.

गट मराठी होता हे वेगळं सांगायला नको. बस सुटून पाच मिनिटं व्हायच्या आत खाकऱ्याचे डबे उघडले होते. पुढच्या सीटवर एक काका होते, ते विमानतळापासून नोटा तपासत होते. मुसलमानबहुल देशाच्या नोटेवर गणपती आहे, हे त्यांना व्हॉट्सॲपवरून कळलं होतं आणि तो गणपती घेतल्याशिवाय ते परतणार नव्हते. गणपती होता, हे खरंच आहे. वीस हजारांच्या नोटेवर होता. ती नोट निघाली 1998 साली आणि 2008 च्या अखेरीस व्यवहारातून गेलीसुद्धा. पण हे त्यांना सांगायला कुणी धजेना, कारण प्रत्येक दुकानात सुटे घेण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून पत्करली होती आणि सगळ्यांची सोय होत होती.

नोटांचं म्हणाल तर तिथे उतरल्या उतरल्या माणूस लक्षाधीश होतो. एक लाखाची नोट म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. आमची ताई घरी कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस करते. तिथे ती ‘दोन लाख? दीड लाखाला दे’ असं ऐटीत म्हणायची आणि आपण काय बोललो या आनंदात तेवढे देऊन टाकायची.

आणि ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं साक्रीकडे गेली. समुद्र दाखवला तर भरती किती वाजता विचारतात, धबधबा दाखवला तर क्युसेक विचारतात. ताईने त्यांना या सहलीला आणलं होतं ते ‘आता तरी जरा सौंदर्यदृष्टीने बघा’ असं बजावून.

तेगलालांगला डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत आणि त्या शेतांवर झोपाळे आहेत. दोन नारळाच्या झाडांना दोर बांधायचे, खाली दरी ठेवायची, आणि माणसाला हिंदोळून दरीवर सोडायचं. त्यासाठी पायघोळ झगे भाड्याने मिळतात. लाल, पिवळे, जांभळे. अंगापेक्षा शेपूट मोठं. आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांनी सकाळी नाश्त्याला गुडघ्याची गोळी घेताना सगळ्यांना दाखवली होती, त्या लालभडक झगा घालून झोपाळ्यावर बसल्या. एका पोऱ्याने शेपूट नीट पसरलं, दुसऱ्याने पट्टा आवळला, तिसऱ्याने ‘चलो चलो’ म्हणत ढकललं. मग दरीतून आधी झगा दिसला, मागून बाई दिसल्या आणि सगळ्यांत शेवटी आवाज आला, “मेल्या, थांबव!” पोऱ्याला मराठी येत नव्हतं. त्याने आणखी जोर लावला. फोटो मात्र इतका सुरेख आला की बाई उतरून श्वास घेतात न घेतात तोच म्हणाल्या, “परत एकदा. या वेळी डोळे उघडे ठेवते.” खाली शेतात एक म्हातारा रोपं लावत होता. फोटोत तो आला नाही. झग्याने झाकला गेला.

कॉफीच्या मळ्यात लुवाक कॉफी. लुवाक नावाचा प्राणी कॉफीची पिकलेली फळं खातो, बी पचत नाही, ती जशी बाहेर पडते तशी वेचायची, धुवायची, भाजायची. पन्नास हजारांचा कप. तो प्राणी पिंजऱ्यात मुटकुळं करून झोपला होता. निशाचर आहे, दिवसा झोपणारच, पण माणसं जाळीवर टकटक करत होती. पिंजरा काही मला आवडला नाही. तेवढ्यात चिपळूणच्या एक काकू वाकून बघत म्हणाल्या, “अगो बाई, हे तर आमचं उदमांजर!” आणि ते खरं होतं. सह्याद्रीत ज्याला कुणी उदमांजर म्हणतं, कुणी कांडेचोर म्हणतं, तीच ही जात. “आमच्या पोटमाळ्यावर रात्रभर नाचतं. सकाळी त्याचं सगळं मी केरात लोटते.” एवढं बोलून काकू गप्प झाल्या. आजवर लोटलेल्या केराचा हिशेब त्या मनात मांडत असाव्यात. मग त्यांनी गाइडला गाठलं. आमचं फणस खातं, त्याचं काही होतं का? गाइडने खूप विचार केला. फणसाला मार्केट नाही म्हणाला.

गाइडचं नाव केतुत. बालीत मुलांची नावं बहुधा जन्माच्या क्रमाने ठेवतात. थोरला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत. पाचवं झालंच तर पुन्हा वायानपासून सुरुवात. मोजकी आणखी पर्यायी नावं आहेत, पण गर्दीत ‘वायान’ म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल.

जतिलुविह बातुकारू डोंगराच्या उतारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर. रस्ता अरुंद, बस मोठी. वर पोचलो आणि क्षणभर बसमधला खाकरा थांबला. नजर पोचेल तिथपर्यंत हिरव्या पायऱ्या. एकही बांध सरळ नाही, एकही पायरी दुसरीएवढी नाही, आणि तरी सगळं पाणी जागच्या जागी. मधूनमधून गवताने शाकारलेली छोटी देवळं. मग टूर मॅनेजरने ‘वीस मिनिटं फोटोसाठी, त्याआधी लंच’ अशी घोषणा केली आणि खाकरा पूर्ववत सुरू झाला.

इथला लाल तांदूळ प्रसिद्ध आहे. उंच वाढणारं, सहाएक महिने घेणारं जुनं वाण. ज्या उपाहारगृहात आम्ही जेवलो त्याच्या खिडकीखालीच ते उभं होतं. टेबलावर होता जिरा राइस, लांब दाण्याच्या बासमतीचा. लाल भात एका कोपऱ्यात वेगळा ठेवलेला. तो मधुमेहवाल्यांचा असावा अशा समजुतीने सगळे त्याला वळसा घालून जात होते. मी वाढून घेतला. आजीकडे लाल तांदळाची पेज व्हायची तिची चव काही त्याला नव्हती, पण ओळख निघत होती. शेजारच्या काकांनी माझ्या ताटाकडे बघून “शुगर किती?” असं सहानुभूतीने विचारलं.

जेवण झालं, वीस मिनिटं संपली, माणसं मोजली, तर भाऊजी नाहीत.

मला शोधायला पाठवलं. भाऊजी एका बांधाखाली पाटाच्या कडेला उकिडवे बसले होते, पॅंट पोटऱ्यांपर्यंत वर. समोर तसाच उकिडवा बसलेला एक शेतकरी. दोघांमध्ये एकही सामाईक भाषा नव्हती आणि गप्पा जोरात चालू होत्या. पाटात एक आडवा दांडा टाकलेला होता आणि त्याला खाचा होत्या. एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेतून जाणारं पाणी डावीकडे, अरुंद खाचेतलं उजवीकडे. भाऊजींनी खाचेत बोटं आडवी ठेवून मोजली. आठ. दुसरी, चार. शेतकऱ्याने डावीकडच्या शेतांकडे हात फिरवला, मग उजवीकडच्या, आणि मान डोलावली. मग भाऊजींनी एक वाळकं पान उचललं, पाटात वरच्या अंगाला सोडलं आणि ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं पुटपुटत त्याच्यामागे उकिडवेच सरकत गेले. वेग काढत होते. शेतकरीही सरकत गेला.

“भाऊजी, बस थांबलीय.”

“तू पुढे हो. यांना विचारायचंय, पाणीचोरी करतात का.”

“कसं विचारणार?”

“विचारलं. हसतोय.”

केतुतला बोलावून आणलं. त्याच्याकडून जे कळलं ते पत्रकात कुठेच नव्हतं. या शेतकऱ्यांच्या पाणीवाटपाच्या मंडळाला सुबक म्हणतात. एका पाटावरचे सगळे शेतकरी त्याचे सभासद. प्रमुख निवडायचा, कुणाला कधी पाणी आणि कुणी कधी लावणी करायची हे बैठकीत ठरवायचं, पाट सगळ्यांनी मिळून साफ करायचा. हे नवव्या शतकापासून चालत आलंय. प्रत्येक सुबकचं आपलं देऊळ, आणि बातुर ज्वालामुखीच्या सरोवरावरचं देऊळ सगळ्यांच्या वर. 2012 साली युनेस्कोने ही व्यवस्थाच जागतिक वारशात घातली. शेतांबरोबर पाण्याची देवळंही.

भाऊजींचा चेहरा उजळला. “अगं, हा तर आपला फड!” साक्रीकडे पांझरेवर जुनी फड पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायला पाटकरी. निर्णय गावाचा. पुढे मोठी धरणं झाली, फड बरेचसे मोडले. भाऊजींच्या नोकरीचा आरंभ त्या मोडण्याच्या काळातला.

मग केतुतने सत्तरच्या दशकाची गोष्ट सांगितली. नवं वाण आलं, खत आलं, सरकारने सांगितलं की देवळाच्या पंचांगाची वाट बघू नका, जमेल तेवढ्या वेळा पीक घ्या. सगळ्यांनी घेतलं. पाणी पुरेना, आणि वर उंदीर आणि तुडतुडे माजले, कारण रान कधी रिकामंच राहीना. तुडतुडे भाताचे किती वैरी, हे आपल्याकडच्या भातवाल्याला सांगावं लागत नाही. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पुढे संगणकावर हिशेब मांडून दाखवला, त्यावर 1991 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. गंमत अशी: खालच्या शेतकऱ्याला पाणी हवं असतं आणि वरच्याला किडीची धास्ती. सगळ्यांनी एकदम लावणी करून एकदम रान पडीक ठेवलं तर कीड उपाशी मरते. म्हणून वरचा खालच्याला पाणी देतो. उपकार म्हणून नव्हे. खालच्याने आपल्याबरोबर लावणी करावी म्हणून.

आपल्याकडे कालव्याच्या शेपटाला ज्याचं रान असतं, त्याने वरच्याला देण्यासारखं काय ठेवलं आहे? अर्ज. फार तर उपोषण.

भाऊजी बराच वेळ पाटाकडे बघत बसले. मग म्हणाले, “जमेल तेवढी पिकं घ्या, हा रिपोर्ट कुणी लिहिला असेल ते मला माहितीय.”

“कुणी?”

“माझ्यासारख्याने. भाषासुद्धा पाठ आहे मला.”

वरून बसचा हॉर्न, त्यावर टूर मॅनेजरची शिट्टी, त्यावर ताईचा आवाज. भाऊजींनी शेतकऱ्याचा हात हातात घेतला आणि शुद्ध अहिराणीत त्याचा निरोप घेतला. तो बालीत उत्तरला. बसमध्ये चढल्यावर ताईने त्यांच्या चिखलाच्या पॅंटकडे बघितलं आणि ‘सौंदर्यदृष्टी’ हा शब्द पुन्हा काढला नाही.

परतीच्या वाटेवर शेतांच्या मधोमध नव्या व्हिला उठताना दिसल्या, प्रत्येकीत एक पोहण्याचा तलाव. ही शेतं बघायला आलेल्यांना उतरायला जागा हवी म्हणून ही शेतं जाताहेत. तलावाला पाणी कुठल्या खाचेतून जातं हे भाऊजींना उतरून बघायचं होतं. टूर मॅनेजरने दार उघडलं नाही. बालीला येताना जी दीड लाखाची पर्यटकपट्टी परदेशी पाहुण्यांकडून घेतात, ती तिथली संस्कृती आणि निसर्ग जपण्यासाठी आहे. ती भरल्याची पावती मी जपून ठेवली आहे; बाकी काही नाही तरी, दीड लाख भरल्याची तेवढी एकच पावती माझ्याकडे आहे.

तुम्ही जाणार असाल तर जतिलुविहला भात पोटरीत असताना किंवा पिवळा पडत असताना जा. कापणीनंतर नुसती खुंटं दिसतात आणि तिकीट तेवढंच पडतं. टूर मॅनेजर वीस मिनिटं म्हणेल, दीड तास मागून घ्या. लाल भात वाढून घ्या. झोपाळा ठेवा शेवटी, आणि वेळ मिळाल्यास.