जर्मनीत मास्टर्स करणारा

जर्मनीत मास्टर्स करणारा मराठी विद्यार्थी बहुधा इंजिनीअर असतो आणि आखेन, श्टुटगार्ट, म्युनिक, केम्निट्स अशा गावी आढळतो. तिथे जाण्याचे कारण तो ‘संशोधनाचा दर्जा’ असे सांगतो. त्याचे वडील ‘फी नाही’ असे सांगतात. दोघेही खरेच बोलतात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो आकारायला सुरुवात केली. श्टुटगार्ट याच राज्यात येते, त्यामुळे तिथला विद्यार्थी दर्जावर जरा जास्त जोर देतो.

जाण्यापूर्वी त्याला ब्लॉक्ड अकाउंट उघडावे लागते. २०२४च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरो हाती येतात. महिन्याचे पैसे मोजून मिळण्याची त्याला घरी सवय असतेच. फरक इतकाच, की बँक ‘गेल्या महिन्याचे कुठे उडवलेस?’ असे विचारत नाही.

सामानात कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी असते. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे आईला पटत नाही. तूप हे तूप असते, दूध नव्हे, असे तिचे म्हणणे असते.

भाषेची तयारी पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा गल्लीतल्या क्लासात झालेली असते. त्याला जर्मन बोलता येते. अडचण येते ती समोरचा उत्तर देऊ लागला की.

वर्गातही त्याला नव्याने शिकावे लागते. व्याख्यान संपले की मुले बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी त्याला हा सरांचा निषेध वाटतो, पण तिथे टाळ्यांऐवजी बाक वाजवतात. गुणांची गत त्याहून अवघड. १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. ‘मला १.३ मिळाले’ असे फोनवर सांगितले, की पलीकडे शांतता पसरते. मग आजी हळूच विचारते, ‘कितीपैकी?’

खरे शिक्षण होते ते स्वयंपाकघरात. हा विद्यार्थी तीन-चार जणांबरोबर सामायिक घरात राहतो आणि सणासुदीला क्वार्क या जर्मन चक्क्याचे श्रीखंड करतो. श्रीखंड झटपट होते; डबा टाकायला वेळ लागतो. डबा प्लॅस्टिकचा, म्हणून पिवळ्या पिशवीत. झाकणाची चांदी सोलून वेगळी करायची, पण तीही पिवळ्याच पिशवीत. डब्याभोवतीचा पुठ्ठा कागदाच्या पेटीत. जायफळाची पूड संपून रिकामी झालेली काचेची बाटली कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये, तीही रंग पाहून: पांढरी, हिरवी, तपकिरी वेगवेगळी. आणि रविवारी तर टाकायचीच नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीला ड्रिल लावायचे नसते आणि काही इमारतींत दुपारीही शांतता पाळावी लागते. श्टुटगार्टकडे जिना झाडायची पाळी असते. तिला केरवोखे म्हणतात आणि ज्याची पाळी येते त्याच्या दारावर तशी पाटी लागते. ती काढून गुपचूप शेजाऱ्याच्या दारावर लावता येत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

वर्षभरात त्याच्यात फरक पडतो. पार्टी संपल्यावर तो सर्वांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करतो, कारण यंत्रात घातली की प्लॅस्टिकच्या एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. खोलीतून निघताना तो हीटर कमी करतो. रात्री अकराला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पादचाऱ्यांच्या लाल दिव्यापाशी तो खांबासारखा उभा राहतो आणि नव्याने आलेल्या मुलाने पाऊल टाकले की त्याला ‘इथे असं चालत नाही’ असे सुनावतो. पुण्यात असताना हाच मुलगा कर्वे रस्त्यावर उलट दिशेने स्कूटर घालत असे.

सुट्टीत घरी आल्यावर तो कचऱ्याचे डबे तपासतो. ओला-सुका आपण केव्हापासून वेगळा करतो, हे आईला त्याला सांगावे लागते. प्लंबर दहाला येतो म्हणून बाराला आला, तर तो युरोपच्या शिस्तीवर बोलतो. वडील पेपर वाचत राहतात.

त्यांना त्यात नवे काही ऐकू येत नाही. दिवे बंद कर, रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, दुपारी आवाज करू नकोस, दिलेली वेळ पाळ, हे सगळे त्यांनी त्याला वीस वर्षे सांगितलेले असते. त्याचा उपयोग झाला नाही. तिकडच्या घरमालकाच्या एका पत्राचा मात्र झाला, कारण त्या पत्राखाली रक्कम लिहिलेली होती. तेव्हा मुलाला वळण लावायचे म्हणून त्याला जर्मनीला पाठवण्याचा विचार असलेल्या पालकांनी आधी घरीच दंडाची पावतीपुस्तके छापून पाहावीत. ११,९०४ युरोंपेक्षा ती खात्रीने स्वस्त पडतील.