टक्केवाले बापू

आमच्या गावात टक्क्यांत बोलणारी माणसं दोनच. एक रस्त्याचा कंत्राटदार आणि दुसरे बापू. कंत्राटदार आपले टक्के चारचौघांत उच्चारत नाही. बापू मात्र पंगतीत, एसटीत, देवळाच्या पायरीवर, अगदी तेराव्याच्या जेवणातसुद्धा टक्के सांगतात. हळदीचा गड्डा बघून आपण हळद म्हणतो. बापू म्हणतात, "तीन टक्के." "कसले?" असं कोणी विचारलं की त्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

बापू इथलेच, सावंतवाडी तालुक्यातले, पण उमेद सगळी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. निवृत्त चाकरमानी गावी परतला की घराला ग्रिल लावतो, नाहीतर बांधावरून भावाला कोर्टात खेचतो. बापूंनी यातलं काहीच केलं नाही. ते गोणपाटात गुंडाळलेला काचेचा ऐवज घेऊन उतरले आणि पडवीतली भाताची कणगी हलवून तिथे त्यांनी लॅब मांडली. कणगी हलवल्याबद्दल काकी अजून त्यांना बोलतात.

बापूंचा सिद्धान्त असा की देवाने फळात गर घातला तो नुसता पॅकिंग म्हणून. खरा माल सालीत, बियांत, टरफलात आणि चोथ्यात. त्यामुळे बापूंच्या घरी आंबा खाऊन बाठा कुठे टाकायचा हा पाहुण्यापुढचा यक्षप्रश्न असतो. टाकायचा नसतोच. त्यातल्या कोयीत चरबी असते आणि चॉकलेटवाले तिची वाट बघत असतात, असं बापूंचं म्हणणं. (आंब्याच्या कोयीचं तूप चॉकलेटात खरंच चालतं. बापूंची हीच पंचाईत आहे: ते खोटं कधीच बोलत नाहीत.)

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. वाढप्याने तिवळ वाढलं. बापूंनी वाटी उजेडात धरली आणि म्हणाले, "हा जो लाल रंग आहे ना, ते अँथोसायनिन. आंबटात लाल, अल्कलीत निळं." एवढ्यावर थांबतील तर ते बापू कसले? खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी चिमूटभर खाण्याचा सोडा वाटीत टाकला. फेस आला आणि लालचुटूक तिवळ बघता बघता निळसर-हिरवट झालं. आमच्या पलीकडे नवऱ्याची आत्या बसली होती. तिने ते बघितलं, मुकाट्याने पान सारलं आणि उठली. मग मागोमाग तिच्या रांगेतल्या पाच-सहा बायका उठल्या. कोणीतरी जेवणात काहीतरी घातलंय ही बातमी मांडवभर व्हायला मठ्ठा वाढायचीही गरज पडली नाही.

पडवीतल्या मांडणीत मुख्य दैवत आहे ते सॉक्सलेटचं यंत्र. फ्रांझ फॉन सॉक्सलेट या गृहस्थाने 1879 साली दुधातली चरबी मोजायला ते काढलं. खाली गोल पोटाचा चंबू, त्यात द्रावक. मधल्या नळकांड्यात कागदी टोपण, टोपणात कुटलेला माल. वर पाण्याने थंड ठेवलेली नळी. चंबू तापला की वाफ बाजूच्या नळीने वर जाते, थंड होऊन थेंब थेंब मालावर पडते आणि नळकांडं भरत येतं. काठोकाठ आलं की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळं एका दमात घळकन खाली. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब. माल तोच, द्रावक तेच, तरी दर फेरीला मालावर कोरं द्रावक पडतं, ही त्यातली खरी हुशारी. बापू समोर स्टुलावर बसून प्रत्येक 'घळकन'ला मान डोलावतात. भजनात टाळ चुकला तर त्यांना कळत नाही, पण इथे एक फेरी पाच सेकंद उशिरा आली की ते उठून गॅस बघतात.

अडचण आहे ती वरच्या नळीची. तिला सतत वाहतं पाणी लागतं आणि मे महिन्यात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. पहिल्या उन्हाळ्यात बापूंनी पंपाचं पाणी थेट यंत्राला जोडलं आणि परड्यात सोडून दिलं. काकी कळशी घेऊन विहिरीवर गेल्या आणि रिकाम्या आल्या. "शिरा पडली त्या नळयेर!" हे त्या दिवशी तीन घरं पलीकडे ऐकू आलं. तेव्हापासून माळ्यावर एक पिंप आणि खाली एक बादली असते. पिंपातलं पाणी नळीतून बादलीत येतं आणि बादली भरली की बापू शिडीवरून ती वर नेऊन ओततात. एका अर्कामागे किती वेळा शिडी, याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. ते टक्के त्यांना नको असतात.

द्रावकाचं प्रकरण तर गावभर गाजलं. हेक्झेन घरात ठेवायला काकींनी साफ बंदी घातली. घर शाकारलेलं आहे, ठिणगी उडाली तर राख गोळा करायला रहायचं कुठे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. हळदीतलं कर्क्युमिन मद्यार्कात विरघळतं. मद्यार्क कुठून आणायचा? गोवा अर्ध्या तासावर. काजूच्या फेणीत साधारण 42 टक्के मद्यार्क. झालं! एका संध्याकाळी पिशवीत बाटल्यांचा आवाज करत बापू एसटीतून उतरले आणि त्याच रात्री त्यांच्या पडवीतून वाफ निघताना लोकांनी पाहिली. फेणी, भट्टी, वाकड्या नळ्या. गावाने जो निष्कर्ष काढायचा तो काढला.

रात्री दहाच्या सुमाराला मागच्या दाराने गिऱ्हाइकं यायला लागली. बापूंना वाटलं, विज्ञानाची गोडी लागली. त्यांनी चंबूच्या तळाचा नारिंगी, काकवीसारखा दाट अर्क काचकांडीने प्रत्येकाच्या जिभेवर टेकवला. "चाखा आणि सांगा." त्यांनी काय सांगितलं ते लिहिण्याजोगं नाही. पण दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर, रेशनच्या दुकानात आणि ग्रामसभेत ज्यांच्या ज्यांच्या जिभा पिवळ्याधमक होत्या ते आदल्या रात्री कुठे होते, हे त्यांच्या बायकांना विचारावं लागलं नाही. पुढे खात्याची दोन माणसंही येऊन गेली. दारू गाळणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, चांगली दारू नासवणारा पहिल्यांदाच पाहिला. कुठलं कलम लावायचं ते न सुचल्याने गवती चहाच्या तेलाची एक शिशी घेऊन ती माणसं निघून गेली.

हा प्राणी आमच्याकडेच होतो असं नाही. संत्र्याच्या मुलखात तो सालींतून लिमोनीन आणि पेक्टिन काढायला निघालेला असतो. उसाच्या पट्ट्यात तो बगॅसच्या ढिगाजवळ उभा राहून फरफ्युरालबद्दल बोलतो आणि अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या फोलपटांतून 1922 मध्येच फरफ्युराल काढून विकायला सुरुवात केली, हे ऐकवतो. मध्यंतरी एका पिढीने बांधावर जट्रोफा लावला, नंतरच्या पिढीने गच्चीवर स्पिरुलिनाच्या टाक्या बांधल्या. टाक्यांत आता डास होतात. माणूस तोच, झाड बदलतं.

पण बापूंचं खरं प्रेम काजूच्या टरफलावर. गर जगाने खावा, बोंडू गोवेकरांनी गाळावा, टरफल बापूंचं. त्यात पाव हिस्सा तेल. कच्चं काढलं तर त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते कार्डेनॉल. रंगांत, राळेत, लाकडाच्या लेपात ते जातं. आमचे पूर्वज हेच तेल होडीला आणि वाशांना फासत. वाळवी फिरकत नसे. कार्डेनॉलपासून केलेल्या राळेची भुकटी गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही घालतात. ही माहिती बापूंनी द्यायची वेळ निवडली ती आंबोली घाटात, बेळगावहून उतरणाऱ्या एसटीत, ऐन वळणावर. "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या ब्रेकात काजूची टरफलं असतात, ठाऊक आहे का?" गाडीतली निम्मी माणसं देवाचं नाव घेऊ लागली. खालच्या स्टॉपवर कंडक्टरने बापूंना पुढच्या प्रवासाबद्दल शुभेच्छा दिल्या आणि बेल मारली. ते अजून उतरलेही नव्हते.

काजू हा बिब्ब्याच्या कुळातला. टरफलाचं तेल अंगाला लागलं की फोड. कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल-राख चोळून बसतात, तरी त्यांची बोटं काळी पडलेली असतात. बापूंनी पहिल्या प्रयोगाला हातमोजे घातले, पण कपाळावरचा घाम पुसला तो त्याच हातमोज्याने. आठवडाभर कपाळावर मंगळ-बुध उगवले होते. एरवी बापू शास्त्राची भाषा मुंबईची ठेवतात, त्या आठवड्यात मात्र "आवशीक खाव!" याखेरीज दुसरा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

बापूंना दोन माणसं पूज्य. एक रसेल मार्कर, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. 1940च्या दशकात हा गडी मेक्सिकोच्या रानातले कंद खणून त्यातून प्रोजेस्टेरॉन बनवत होता, आणि एके दिवशी मेक्सिको सिटीतल्या एका लहानशा औषधकंपनीत दोन बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. दोन्हींत मिळून सुमारे 2 किलो. तेव्हा त्याचा भाव ग्रॅमला 80 डॉलर होता म्हणतात. बापू ही गोष्ट कणकवलीच्या मेव्हण्याची सांगावी तशी सांगतात, आणि काकींनी लोणच्याच्या जुन्या बरण्या भंगारात द्यायचं काढलं की हमखास सांगतात.

दुसरे मनसुख वाणी. नंदुरबारचे, जन्म 1925. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी 1966 साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं, आणि 1971 साली यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. कर्करोगावरच्या औषधांची दोन घराणीच या दोघांनी उभी केली. बापूंच्या पडवीत वाण्यांचा फोटो गणपतीशेजारी आहे. "नंदुरबारचा माणूस!" म्हणताना बापूंचा आवाज बदलतो, जणू नंदुरबार आमच्या शेजारचा वाडा आहे.

आणि याच ठिकाणी बापूंचं एक कोडं आहे. ते चिनी कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही सापडलं. 1972 मध्ये ते छापून आलं आणि पुढे नरक्यावर कुऱ्हाडी चालल्या. रात्रीतून तोडायचं, वाळवायचं, भरायचं, पाठवायचं. दुर्गंधीमुळे ज्याला कोणी हात लावत नसे, ते झाड शोधायला जिपा फिरू लागल्या. अशीच एक जीप बापूंकडे आली. आतल्या माणसांनी बापूंची कीर्ती ऐकली होती. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता बापू टक्के सांगणार, साल, खोड, मूळ, सगळं वेगवेगळं. बापूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नरक्या? कसला असतो बुवा? मी मुंबईचा." त्या लोकांनी चहाही घेतला नाही. झाडं कुठे आहेत ते बापूंना पक्कं ठाऊक आहे. मी दोन-तीनदा विषय काढून पाहिला. त्यांनी मला कोकमातल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची माहिती दिली.

ते आम्ल म्हणजे बापूंचं भळभळणारं दुःख. अमेरिकेत एकेकाळी त्याच्या गोळ्या बारीक होण्यासाठी धडाधड खपत होत्या. बापूंना आमसुलांत डॉलर दिसायला लागले. मग त्यांच्या वाचनात आलं की 1998 साली तिथल्या डॉक्टरांनी 135 जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी केली होती, आणि खऱ्या गोळीने खोट्या गोळीपेक्षा काही जास्त वजन उतरलं नव्हतं. बापू दोन दिवस जेवले नाहीत. काकी म्हणाल्या, "सोलकढी पिऊन कोण बारीक झालो हा? तुमचाच पोट बघा."

काकींचं स्वतःचं खातं वेगळं आहे. कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून त्या वर आलेलं तेल निथळतात आणि निवलं की मुठीने गोळे वळतात. ते मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावायला गावोगाव जातं. साधारण 40 अंशांना वितळतं म्हणून उन्हाळ्यातही घट्ट राहतं, आणि अंगाला लागलं की पाघळतं. क्रीमच्या कंपन्या त्याच गुणासाठी ते घेतात. दर मोसमात काकींचे गोळे मिरगाआधी संपतात. बापूंच्या फळीवर मात्र लेबलं लावलेल्या शिश्यांची रांग वाढतच जाते, प्रत्येकीत बोटभर काळपट काहीतरी, आणि परड्यात चोथ्याचा ढीग पडवीच्या उंचीचा झालेला. बापू 'आहे किती' ते सांगतात, 'निघालं किती' आणि 'त्याला लाकूड किती जळलं' हे कधी सांगत नाहीत. एकदा मी काकींना म्हटलं, तुम्ही करता तेही अर्क काढणंच की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा म्हटलं नाही.

परवा मात्र बापूंचा सोन्याचा दिवस उगवला. पुण्याहून एका कंपनीचा फोन आला. नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. त्यांना गवती चहाचं तेल हवं होतं. बापू अंगणात, जिथे रेंज मिळते त्या फणसाखाली उभे. "सिट्राल सत्तर टक्क्यांच्या वर आहे," बापू म्हणाले. समोरून काहीतरी विचारलं गेलं. बापूंनी मला खूण केली, मी कॅलेंडर आणि पेन्सिल दिली. नमुना म्हणून 25 किलो तेल हवं होतं. फळीवरच्या शिशीत चाळीस मिली होतं.

बापू डगमगले नाहीत. कॅलेंडरच्या मागे त्यांनी हिशेब मांडला. शंभर किलो पात्याला चारशे ग्रॅम तेल. 25 किलोला सव्वासहा हजार किलो पातं. आपला हंडा दिवसाला दहा किलोचा. पावसाळा वजा, काकींचे कोकमाचे दिवस वजा, गणपती वजा. चेहरा उजळला.

"जमेल की!" ते फोनमध्ये ओरडले. "तीन वर्षं द्या फक्त. हॅलो? तीन! हॅलो?"

मग त्यांनी फोन कानापासून लांब धरून बघितला आणि फणसाकडे मान वर करून म्हणाले, "रेंज गेली मेली."