पेजमेकरवाले भाऊ

तालुक्याच्या गावात तहसील कचेरीच्या अंगाला, झेरॉक्सवाला आणि स्टॅम्पपेपरवाला यांच्या मधल्या गाळ्यात एक डीटीपीवाला असतोच, आणि त्याला सगळे भाऊ म्हणतात. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, उत्तरकार्याचं कार्ड: गावाचं जगणं-मरणं भाऊंच्या हाताखालून जातं. कॉम्प्युटर विंडोज 7 चा. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं उघडं आणि त्याच्याकडे तोंड करून टेबलफॅन. भाऊ स्वतः घामाघूम.

काम वेळेवर देतात, तुमचे ऱ्हस्व-दीर्घ न विचारता सुधारतात. फक्त त्यांच्यासमोर ‘अपडेट’ म्हणायचं नाही.

पोरं म्हणतात, भाऊंना नव्याचं वावडं. साफ खोटं. त्यांचा मोबाइल माझ्यापेक्षा नवा आहे. भानगड वेगळीच आहे. भाऊ ज्यात पानं लावतात तो पेजमेकर 7 आला 2001 साली आणि त्यानंतर त्याला पुढची आवृत्ती झालीच नाही. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून जुने मराठी फॉन्ट. फॉन्ट चालायला कॅबिनेटच्या मागे खोचलेलं लॉक. लॉकला त्याचा ड्रायव्हर, आणि या सगळ्यांशी जमवून घेणारा एक म्हातारा प्रिंटर. ही मोट भाऊंनी एकदाच बांधली. खंडेनवमीला सगळ्या मशीनला मिळून एक झेंडूचा हार असतो, पण लॉकला वेगळं हळदीकुंकू आणि वेगळं फूल.

मजकूर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तरी तो पेजमेकरात चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. मग भाऊ तो मोबाइल समोर ठेवून पहिल्यापासून टाइप करतात आणि तुमच्या नकळत खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ घालून मोकळे होतात. नवऱ्याला बहीण आहे की नाही, ही चौकशी प्रुफात होते.

2015 च्या जुलैत विंडोज 10 आलं. 29 जुलैपासून वर्षभर फुकट. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरी खिडकी येऊन बसली आणि रोज विचारू लागली, ‘घेता का?’ भाऊ रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की तिच्यावर फुली मारत. फुली म्हणजे नको, हे जगातल्या कुठल्याही प्रुफरीडरला विचारा. पण 2016 च्या मे महिन्यात कंपनीने फुलीचा अर्थच फिरवला. खिडकी फुलीने बंद केली तरी ठरलेल्या वेळी नवं विंडोज चढायचं ते चढायचंच.

भाऊ जेवायला घरी गेले होते. परत आले तेव्हा निळ्या पडद्यावर टक्के मोजणं चाललं होतं आणि खाली सूचना: मशीन बंद करू नका. सूचना नसती तरी भाऊंनी ते बंद केलं नसतं, कारण हातपायच गळाले होते. तासाभराने पतसंस्थेचा अहवाल उघडला तर ‘अध्यक्षांचे मनोगत’ या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. लॉक ओळख द्यायला तयार नाही. अध्यक्ष स्वतः समोर उभे. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, हे इंग्रजीत कशाला केलं?”

महिनाभरात माघारी फिरता येण्याची सोय होती, भाचा हुशार होता, सात परत आलं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंना अशाच न मागितलेल्या अपग्रेडपायी कंपनीकडून दहा हजार डॉलर मिळाले. ती बातमी भाऊंनी गणपतीच्या तसबिरीखाली चिकटवली आणि इंटरनेटची वायर कापली. काढली नाही, कापली.

पुढच्या वर्षी, 2017 च्या मेमध्ये, वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले. त्याच्यावरचा उपाय दोन महिने आधीच, मार्चच्या अपडेटमध्ये आला होता. हे मी भाऊंना जरा जोरातच सांगितलं. ते म्हणाले, “माझ्याकडे नेटच नाही. तो येणार कसा, एस.टी.नं?” वायरीपुरतं त्यांचं खरं होतं. पण सगळ्या तालुक्याचे पेनड्राइव्ह त्याच कॅबिनेटात खुपसले जातात आणि त्यातले निम्मे खरोखर एस.टी.नंच येतात. हे बोलण्याचा धीर मला झाला नाही. माझी पत्रिका अर्धी टाइप व्हायची होती.

14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चे मोफत अपडेट कायमचे बंद झाले. ऑफिसांमधून लोक चिंतेत. भाऊंनी पेढे वाटले. “सुटलो. आता कुणी दार वाजवणार नाही,” म्हणाले. संक्रांत एका दिवसावर होती, म्हणून तिळगूळही आताच घ्या म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात तोच भाचा तोंड पाडून गाळ्यात आला. त्याच्या लॅपटॉपवर दहा, त्याचेही अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 चढवावं तर लॅपटॉप जुना, लागणारी सुरक्षेची चिप त्यात नाही.

“मामा, आता काय करू?”

भाऊंनी टेबलफॅन किंचित त्याच्याकडे वळवला. “पेढे आण,” म्हणाले. “पाव किलो पुरे. गिऱ्हाईक आहे समोर.”