खानदानी सुपारी

किलोला ३५१ रुपयांपेक्षा एक पैसा कमी भावाची परदेशी सुपारी या देशात पाऊल ठेवू शकत नाही. ३५० रुपये ९० पैशांची आली तर ती निषिद्ध माल. वर दहा पैसे चढवले की तीच सुपारी खानदानी, या बसा, पान खा! फेब्रुवारी २०२३ पर्यंत ही खानदानी २५१ रुपयांत मिळायची. मग अधिसूचना निघाली आणि सुपारीचं कुळ एकदम शंभर रुपयांनी उंचावलं. शिवाय १०० टक्के आयात शुल्क आहेच. हे सगळं कोणासाठी? आपल्या बागायतदारासाठी. अलिबागजवळच्या नागावच्या वाडीत पोफळीला पाणी सोडणाऱ्या माणसाचं परदेशी सुपारीपासून रक्षण व्हावं म्हणून.

आता अडचण एवढीच, की सुपारीवर नाव-गाव लिहिलेलं नसतं. अडकित्त्यात धरून नागावची सुपारी कापा, पांढऱ्यावर तपकिरी नक्षी दिसेल. म्यानमारची कापा, नक्षी तीच. कुठल्याही नक्षीत आपल्याला 'मेड इन' सापडलेलं नाही. म्हणून सुपारीचा देश झाडावर ठरत नाही, तो कागदावर ठरतो. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार २००० साली लागू झाला. तेव्हापासून इंडोनेशियातल्या कित्येक सुपाऱ्यांना आपण मूळच्या श्रीलंकेच्या असल्याचा साक्षात्कार झालेला आहे. शुल्कात सवलत मिळाली की बिलावर ३५१ लिहायला काय जातं? स्वस्तातला माल महाग दाखवून आणणारा व्यापारी ही या नियमाची जगाला देणगी आहे. एरवी व्यापारी भाव पाडून सांगतो. इथे तो छाती पुढे काढून चढवून सांगतो.

ज्यांना कागदांचाही कंटाळा, त्यांच्यासाठी मिझोराम आहे. चंफाई जिल्ह्यातलं झोखावथार, समोर तिआव नदी, नदीपलीकडे म्यानमार. पलीकडचा ट्रक पलीकडेच थांबतो, पोती इकडे येतात, अलीकडचा ट्रक भरतो आणि निघतो तो थेट नागपूरच्या दिशेने. दोन हजारांहून जास्त किलोमीटरचा प्रवास. वाटेत टोलनाके, वजनकाटे, ई-वे बिल, टॉर्च मारून ताडपत्री उचलणारे हात, सगळं असतं. पण ट्रक पोचतो. नागपुरात त्यातल्या सडक्या मालाला गंधकाची धुरी मिळते, काळी सुपारी गोरी होते आणि पुडीत शिरून देशभर फिरायला मोकळी होते. मग २०२२ साली कोणाला तरी जाग आली आणि ठरलं, की आता सुपारीचे ट्रक अडवायचे. अडवले. कोणाचे? मिझोरामच्याच मामित, कोलासिबच्या शेतकऱ्यांचे. स्वतःच्या बागेतली सुपारी घेऊन ते शेजारच्या राज्याच्या हद्दीवर उभे राहिले, तर त्यांना विचारलं गेलं, ही बर्मी नाही कशावरून? आता हे सिद्ध कसं करायचं? झाड उपटून साक्षीला आणायचं? ज्याच्या रक्षणासाठी नियम, त्याचाच माल जागेवर सडला. त्याच वर्षी भूतानची १७,००० टन ओली सुपारी दरवर्षी जयगावच्या नाक्यावरून आत घ्यायला परवानगी मिळाली, तीही किमान किमतीच्या अटीशिवाय. भूतान चांगला शेजारी आहे, त्याच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. ओल्या सुपारीला खानदान लागत नाही आणि वाळली की लागतं, एवढं ज्ञान मात्र नव्याने मिळालं.

हसून झालं असेल तर आता नागावला या. ३ जून २०२०, दुपार. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि रेवदंडा, चौल, नागावपासून खाली श्रीवर्धनपर्यंत पोफळी आडव्या झाल्या. अर्ध्यातून मोडलेल्या, विहिरीत पडलेल्या, एकमेकींवर रचल्यासारख्या. मग पंचनामे. आधी भरपाई हेक्टरी ५०,००० ठरली. आमच्या या किनारपट्टीत, अष्टागरात, हेक्टर कोणी पाहिलाय? इथे वाडी गुंठ्यांत मोजतात आणि सातबाऱ्यावर चुलते, पुतणे, मुंबईचे, वारलेले, सगळे एका रांगेत असतात. दहा गुंठ्यांची अख्खी वाडी झोपली तर हातात पाच हजार, तेही सगळ्या हिस्सेदारांची संमतिपत्रं जोडल्यावर. ओरड झाली, तेव्हा उदार होऊन झाडानुसार दर काढला. नारळाला २५० रुपये. आणि सुपारीला झाडामागे ५०.

पन्नास रुपये! चाळीस फूट उंच, आजोबांनी लावलेलं, तीन पिढ्यांचं लग्नकार्य ज्यावर निघालं, असं झाड पन्नास रुपये. त्या वर्षी परदेशी सुपारीची किमान किंमत २५१ रुपये किलो होती. हिशेब करा. आमचं उभं झाड म्हणजे त्यांची दोनशे ग्रॅम सुपारी. आजच्या ३५१ च्या भावाने तर दीडशे ग्रॅमही येत नाही. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर ओढायला मजूर जे घेतो, त्यात पन्नास रुपये त्याच्या चहा-बिडीला लागतात. किंमत ठरवणाऱ्या माणसाने आयुष्यात पोफळीखाली उभं राहून वर पाहिलेलं नाही, हे सांगायला चौकशी समिती नको. रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. या काळात वाडीकराने काय करायचं? बऱ्याच जणांनी केलंय ते: जमीन सपाट, वर कॉटेज, दारात बोर्ड. तिथे शनिवारी येणारा पाहुणा पुडीतली सुपारी चघळत विचारतो, इथे पूर्वी बागा होत्या म्हणे?

हमीभावाच्या यादीत खोबरं आहे, सुपारी नाही. सीमेवर उभ्या असलेल्या परक्या सुपारीला किमान किंमत आहे. नागावच्या वाडीत वाळत घातलेल्या सुपारीला ती नाही. आमचं म्हणणं फार नाही. पुढच्या वादळाआधी झाडाची किंमत ठरवायला बसाल, तेव्हा निदान एक किलो परदेशी सुपारीइतकी तरी ठरवा.